जुनी मर्सिडीज, मोठे ब्रेक आणि काही पक्के गैरसमज

मर्सिडीज-बेंझने १९९५ मध्ये पुण्यात जुळणी सुरू केली ती डब्ल्यू १२४ या मालिकेपासून. त्या ई २२० आणि ई २५० डिझेल गाड्या आता तिशीत आल्या आहेत. हैदराबादेत त्या अजून धावतात, आणि हल्ली त्या हौशी तरुणांच्या हातात येऊ लागल्या आहेत. गाडी दारात आली की आठवड्याभरात दोन बेत ठरतात: ती खाली बसवायची आणि तिला मोठे ब्रेक लावायचे. या शहरात ते पटण्यासारखंही वाटतं. एकीकडे १५८ किलोमीटरचा आउटर रिंग रोड, ताशी १२० ची मर्यादा. दुसरीकडे बंजारा हिल्सचे चढउतार आणि गल्लोगल्ली गतिरोधक. पण ज्या समजुतींवर हे बेत उभे राहतात, त्यांतल्या बऱ्याच चुकीच्या आहेत आणि काही धोकादायकही.

सर्वांत पक्की समजूत ही, की डिस्क मोठी तर गाडी लवकर थांबते. गाडीला शेवटी रोखून धरतो तो टायर आणि रस्ता यांच्यातला घर्षणाचा जोर. मूळ ब्रेक नीट असतील तर जोरात दाबल्यावर चाकं जाम होतात, एबीएस असेल तर ते थरथरायला लागतं. म्हणजे टायर देऊ शकतो तेवढी सगळी पकड ब्रेकने तेव्हाच वापरलेली असते. त्यापुढे डिस्क केवढीही लावली तरी पकड वाढत नाही.

थोडं गणित मांडू. कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरांनी ताशी १०० वरून थांबायला साधारण ५० मीटर लागतात, १२० वरून ७०. वेग वाढला पाचव्या हिश्श्याने, अंतर वाढलं जवळपास दीडपट. शिवाय धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला, तर १२० च्या वेगाला तेवढ्यात ३३ मीटर मागे पडतात. हे अंतर कुठलाच कॅलिपर कमी करत नाही. जुने, कडक झालेले टायर मात्र थांबण्याचं अंतर नक्की वाढवतात. या मोटारींना सहसा १९५/६५ आर १५ मापाचे टायर असतात. त्यांच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. गाडी कमी चालते म्हणून नक्षी शाबूत दिसते आणि रबर मात्र आठ-दहा वर्षांचं निघतं. असे टायर ठेवून ब्रेकवर पैसे घालणं मला अजिबात पटत नाही.

मग मोठी डिस्क कशासाठी असते? उष्णतेसाठी. माणसं-सामानासह सतराशे किलोची गाडी १०० वरून थांबवली, तर सुमारे साडेसहा लाख ज्यूल ऊर्जेची उष्णता होते. १२० वरून ती जवळपास साडेनऊ लाख. एकदाच थांबायचं असेल तर मूळ डिस्क ती सहज पचवते. पुन्हा पुन्हा, मोठ्या वेगावरून थांबायचं असेल तेव्हा जड डिस्क लागते. याच मालिकेतल्या ५०० ई ला मोठे ब्रेक होते, कारण तिला पाच लिटरचं, ३२६ अश्वशक्तीचं इंजिन होतं. ई २२० ची ताकद १५०. ५०० ई चे ब्रेक तिला बसवायचे तर आधी सोळा इंची चाकं हवीत. नुसते पुढचे मोठे कॅलिपर लावले तर मोठ्या पिस्टनना जास्त ऑइल लागतं, जुन्या मास्टर सिलिंडरवर पेडल खोल जातं आणि पुढच्या-मागच्या ब्रेकचा समतोल पुढे झुकतो. मागचे टायर आपला वाटा उचलतच नाहीत. हजारो रुपये घालून थांबण्याचं अंतर वाढल्याचीही शक्यता असते.

दुसरी समजूत याहून घातक: ब्रेक ऑइल कमी झालं की वरून भरायचं, बदलायची गरज नाही. हैदराबादकरांनी यासाठी श्रीशैलमचा रस्ता डोळ्यांसमोर आणावा. नल्लमलाच्या जंगलातून गाडी कृष्णेकडे उतरू लागते तेव्हा वळणामागून वळण येतं आणि पाय ब्रेकवरून निघत नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ दर्जाचं ताजं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं, की हीच हमी १५५ अंशांवर येते. घाटात कॅलिपर तापतो, ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पेडल सरळ खाली जातं आणि गाडी थांबत नाही. अशा वेळी महागड्या डिस्कचाही उपयोग शून्य. दर दोन वर्षांनी ऑइल पूर्ण काढून नवं भरणं आणि चारही चाकांवरून हवा काढून घेणं हा मोठ्या ब्रेकच्या तुलनेत किरकोळ खर्च आहे. घाट उतरताना खालच्या गिअरला तर काहीच खर्च नाही.

ऑइलची पातळी उतरते याचा अर्थही समजून घ्यावा. पॅड झिजले की पिस्टन पुढे सरकतात आणि टाकीतलं ऑइल तिकडे जातं. वरून भरलं की झिजेची ती खूण पुसली जाते. पॅड ठीक असूनही पातळी घसरत असेल तर गळती शोधायची. आणि ‘आकडा मोठा तर ऑइल चांगलं’ म्हणून डॉट ५ आणू नये. ते सिलिकॉनचं असतं, डॉट ४ मध्ये मिसळत नाही आणि एबीएसच्या गाडीत घालायचंच नाही.

भोकं पाडलेल्या डिस्कबद्दल थोडक्यात. पूर्वीच्या पॅडमधून तापल्यावर वायू सुटत, त्यांना वाट म्हणून ती भोकं आली. आजच्या पॅडना रोजच्या वापरात त्यांची गरज नाही, आणि हलक्या प्रतीच्या डिस्कला त्या भोकांपासूनच तडे जातात. स्टीलच्या जाळीचे होस लावले की पेडल घट्ट लागतं, अंतर कमी होत नाही. मात्र तीस वर्षांचे मूळ रबरी होस बदलायलाच हवेत. ते आतून सुजले की ऑइल परत फिरत नाही, ब्रेक धरून राहतो आणि दोष कॅलिपरवर येतो.

आता सस्पेन्शन. गाडी मागून बसली की ‘शॉकअप गेले’ हा निदानाचा ठरलेला शब्द. पण गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. शॉकअपचं काम स्प्रिंगची उसळी शमवणं. गाडी बसलेली असेल तर स्प्रिंग आणि तिच्या वरचं रबरी पॅड बघावं. गतिरोधकानंतर ती डोलत राहत असेल किंवा शॉकअपवर ऑइल ओघळलं असेल तर शॉकअप. या मर्सिडीजमध्ये स्प्रिंगच्या पॅडवर लहान उंचवटे असतात. एक उंचवटा म्हणजे सर्वांत पातळ पॅड, चार म्हणजे सर्वांत जाड. उंची जुळवायची सोय कारखान्यानेच दिलेली आहे. जुने पॅड काढताना ते उंचवटे मोजून ठेवावेत.

गाडी खाली बसवली की ती वळणावर चांगली चालते, हे अर्धं सत्य आहे. गुरुत्वमध्य खाली येतो, हे खरं. पण पुढच्या स्ट्रटच्या रचनेत गाडी ज्या बिंदूभोवती कलते, तो बिंदू त्याहूनही जास्त खाली जातो. मग कलण्याचा जोर कमी होण्याऐवजी वाढू शकतो. मागच्या प्रत्येक चाकाला धरणारे पाच दांडे ते चाक वरून आत झुकवतात, तो कोन जुळवायची सोय मूळ गाडीत नाही, आणि टायर आतल्या बाजूने झिजतात. चाकाला वर यायला जागा उरत नाही, म्हणून गतिरोधकावर धक्का थेट बॉडीला बसतो. मूळ स्प्रिंग कापून गाडी खाली आणणं तर निव्वळ धोका आहे. कापलेलं टोक आपल्या जागेत बसत नाही, ते निसटू शकतं.

दांड्यांच्या सांध्यांत घालतात त्या पॉलियुरेथेनच्या कडक बुशांविषयी मी आग्रहाने सांगेन. मागच्या पाच दांड्यांची रचना १९८२ च्या मर्सिडीज १९० मध्ये आली आणि डब्ल्यू १२४ ने ती पुढे नेली. ती चालते रबराच्या लवचिकतेवर. रबराचा बुश पिळला जातो, थोडा वाकतो आणि परत येतो. कडक बुश एकाच दिशेने फिरायला राजी असतो, बाकी दिशांना अडतो. मग गाडी करकरते आणि चाक मोकळेपणाने हलत नाही. गाडीची मूळची मऊ चाल अशाने जाते, आणि ज्या चालीसाठी ही मोटार घेतली तीच घालवायची यात मला काही अर्थ दिसत नाही.

नवे रबरी बुश घालूनही सहा महिन्यांत फाटतात अशी तक्रार असते. दोष बहुतेक वेळा बसवण्यात असतो. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असताना बोल्ट पूर्ण आवळले, तर गाडी जमिनीवर येताच बुश कायमचा पिळलेला राहतो. बोल्ट आधी हाताने लावायचे, गाडी चाकांवर उभी करायची आणि तिच्या वजनाखालीच शेवटचं आवळायचं. कामाला सुरुवात करण्यापूर्वी हे मिस्त्रीला स्पष्ट सांगावं, कारण नंतर बाहेरून ते कळत नाही. शेवटी व्हील अलाइनमेंट.

सुटे भाग फक्त तारा छापलेल्या डब्यातच खरे मिळतात, असंही नाही. बिलस्टाइन आणि साक्सचे शॉकअप, लेमफर्डरचे आर्म, आटेचे ब्रेक, टेक्स्टारचे पॅड: मर्सिडीजला माल पुरवणाऱ्या याच कंपन्या. सिकंदराबादच्या राणीगंजमध्ये भाग शोधताना नाव बघावं, पण नकलीही याच नावांच्या होतात, म्हणून बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्यावं.

कायद्याबद्दल दोन टोकं ऐकू येतात. एक म्हणतो सगळं चालतं, दुसरा म्हणतो काहीच चालत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं, की निर्मात्याने मूळ ठरवलेल्या आणि नोंदणीपत्रात लिहिलेल्या तपशिलापासून गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळातल्या प्रकरणात हेच ठामपणे मांडलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. झिजलेला भाग काढून त्याच मापाचा, त्याच दर्जाचा नवा लावणं ही मात्र दुरुस्ती आहे. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी नव्याने करावी लागते आणि तेव्हा तपासणी होते. चाकांचं माप किंवा उंची बदलायचा विचार असेल तर आधी आरटीओत विचारावं आणि विमा कंपनीला लेखी कळवावं. न कळवलेल्या बदलावरून अपघाताचा दावा अडू शकतो, आणि ते कळतं गाडी ठोकली गेल्यावर.