वेचून घेतलेला भूतकाळ

पत्त्यांच्या खेळात पान हवेत उडवायचा नियम असतो, हे सांगून कुणाला खरं वाटणार नाही. 'मॅजिक: द गॅदरिंग' या अमेरिकी खेळात तो आहे. 'केऑस ऑर्ब' नावाचं एक पान आहे. ते टेबलापासून किमान एक फूट उंचीवरून असं सोडायचं, की हवेत त्याची निदान एक पूर्ण कोलांटी व्हायला हवी. पडताना ज्या पानांना त्याचा स्पर्श होईल ती बाद, आणि पाठोपाठ ऑर्बही बाद. कोलांटी पुरी झाली नाही तर सगळंच फुकट. अधिकृत स्पर्धांनी या पानाला 1990 च्या दशकातच दार दाखवलं. एका खेळाडूनं म्हणे ऑर्ब फाडून त्याचे कपटे समोरच्याच्या सगळ्या पानांवर भिरकावले. ही दंतकथाच, पण इतकी लाडकी की 1998 साली 'अनग्लूड' या थट्टेच्या संचात कंपनीनं फाडून फेकायचं 'केऑस कन्फेटी' छापलं.

तो ऑर्ब आजही उडतो आहे. युरोप-अमेरिकेतल्या बारमध्ये, क्लबांमध्ये चाळिशी-पन्नाशीची माणसं तो टेबलावर सोडतात आणि कुठलं पान शिवलं यावर वाकून वाकून पंचनामा करतात. काही जण तर घरी सराव करून येतात. या प्रकाराला 'ओल्ड स्कूल' म्हणतात. 1993 आणि 1994 या दोन वर्षांत छापलेली पानंच चालतील, नंतरचं एकही नाही, असा हा खेळ.

यातली गंमत कळायला मूळ खेळ थोडा समजून घ्यावा लागतो. आपल्या पत्त्यांत कॅट एकच असतो आणि तो सगळ्यांना वाटला जातो. इथे प्रत्येक जण आपापला कॅट, म्हणजे डेक, घरून बांधून आणतो. हजारो वेगवेगळ्या पानांतून निवडलेली निदान साठ पानं, मूळ जमिनीची पानं सोडली तर एकच पान चारपेक्षा जास्त वेळा नाही. काही पानं जमिनीची असतात. त्यांतून 'माना' नावाची शक्ती मिळते आणि ती खर्चून प्राणी, मंत्र, यंत्रं खेळायची. दोघांकडे वीस-वीस प्राण, ज्याचे आधी संपले तो हरला. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाची ही कल्पना. सिअ‍ॅटलजवळच्या 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट' या छोट्या कंपनीनं ती ऑगस्ट 1993 मध्ये बाजारात आणली. पानं छापली बेल्जियममधल्या 'कार्टा मुंडी'नं. 'अल्फा' या पहिल्या आवृत्तीत 26 लाखांच्या आसपास पानं होती. ती बघताबघता संपली.

पानं बंद पाकिटांतून विकायची आणि आत काय निघेल ते सांगायचं नाही, ही धंद्याची मेख. आणि पाकिटं विकत राहायची तर नवी पानं काढत राहावीच लागतात. म्हणून 1995 पासून कंपनीनं खेळाचे दोन भाग केले. एकात जवळपास सगळी पानं चालत. दुसऱ्यात फक्त अलीकडची. नवे संच आले की जुने बाद. हाच पुढे 'स्टँडर्ड' म्हणून मुख्य प्रकार झाला. तो अंगावर घेतलेल्या माणसाला दर काही महिन्यांनी नवं शिकावं लागतं, नवं विकत घ्यावं लागतं. आणि ज्या डेकवर रात्री जागवल्या तो एके दिवशी बुटाच्या खोक्यात जातो.

ओल्ड स्कूलसारख्या जुन्या फॉर्मॅटच्या, म्हणजे खेळाच्या प्रकाराच्या, मुळाशी आठवणींचा उमाळा आहे, असं सर्रास म्हटलं जातं. तो आहेच. पण माझ्या मते खरी गोष्ट वेगळी आहे: थांबलेल्या संचात मिळवलेलं ज्ञान शिळं होत नाही. 1994 च्या पानांबद्दल आज जे कळलं ते पुढच्या वर्षीही उपयोगी पडतं. बुद्धिबळ खेळणाऱ्याला हे सुख फुकटात मिळतं. कार्ड गेमवाल्याला ते कंपनीच्या हातून काढून घ्यावं लागतं.

ते आधी काढून घेतलं स्वीडनमधल्या मंडळींनी. 2007 च्या सुमारास गोथेनबर्गमध्ये मॅग्नस डी लावाल आणि त्याच्या मित्रांनी '93/94' या नावानं जुन्या पानांचे डाव मांडायला सुरुवात केली. त्यांच्या 'नूबकॉन' या स्पर्धेचं बक्षीस म्हणजे 'जायंट शार्क' नावाचं एक पान. बाजारात त्याला कुणी विचारत नाही, खेळातही ते सुमारच. पण विजेत्याला मिळणाऱ्या पानावर सगळ्या सहभागी खेळाडूंच्या सह्या असतात. टेबलावर लाखो रुपयांची पानं आणि बक्षीस मात्र कवडीमोलाचं. या माणसांचा स्वभाव यातून कळतो.

आता टेबलाजवळ जाऊ. समोरच्यानं पहिल्याच खेळीत दलदलीचं पान उतरवलं. तिच्या एका काळ्या मानातून 'डार्क रिच्युअल' खेळला आणि एकाचे तीन झाले. त्या तिनांतून 'हिप्नॉटिक स्पेक्टर' हा उडणारा पिशाच्च-स्वार खाली आला. तुमची अजून एकही खेळी झालेली नाही. पुढच्या फेरीपासून त्याचा प्रत्येक वार दोन प्राण घेणार, शिवाय तुमच्या हातातलं एक पान न बघता फेकायला लावणार. तुमच्याकडे लाल मानाचं 'लाइटनिंग बोल्ट' असेल तर एका मानात तीनचा फटका बसून स्वार मेला, आणि त्यानं एका प्राण्यासाठी दोन पानं जाळली. बोल्ट नसेल तर चारेक फेऱ्यांत हात रिकामा. त्या काळचा खेळ असाच एकांगी होता. मंत्र राक्षसी ताकदीचे, प्राणी बिचारे. 'ब्लॅक लोटस' शून्य किमतीत खेळायचं आणि त्याचा बळी देऊन तीन माना घ्यायचे. 'एन्सेस्ट्रल रिकॉल' एका मानात तीन पानं ओढतं, 'टाइम वॉक' दोन मानांत आख्खी जादा खेळी देतं. पाच 'मॉक्स' आणि 'टाइमट्विस्टर' धरून या नऊ पानांना 'पॉवर नाइन' म्हणतात. ओल्ड स्कूलमध्ये ती प्रत्येकी एकच ठेवता येतात. पुढच्या दशकांत कंपनीनं तराजू उलटा केला, प्राणी तगडे आणि मंत्र मवाळ. म्हणून आजच्या खेळाडूला 1994 चा डाव परक्या देशासारखा वाटतो.

त्या काळात ब्रायन वाइसमन यानं बांधलेला 'द डेक' हा या पिढीचा आदर्श. त्यात जिंकायला म्हणून 'सेरा एंजल' जेमतेम दोन. उरलेलं सगळं समोरच्याला काही करूच द्यायचं नाही यासाठी. आपलं एक पान देऊन त्याची दोन मारायची, हातातल्या पानांची आघाडी वाढवत न्यायची आणि तो थकला की एंजल उतरवायची. खेळाचा पहिला नीट मांडलेला सिद्धांत इथून निघाला. तो आज शिकायचा तर त्याच पानांनी खेळून बघण्यासारखा दुसरा मार्ग नाही.

पण गोथेनबर्गच्या मंडळींनी भूतकाळ जसाच्या तसा आणला का? मुळीच नाही, आणि मला यातला सर्वांत मजेचा भाग हाच वाटतो. 'माना बर्न' घ्या. काढलेला माना वापरला नाही तर प्रत्येकामागे एक प्राण जायचा. हा नियम कंपनीनं 2009 मध्ये काढून टाकला, ओल्ड स्कूलवाल्यांनी परत आणला. कारण साधं आहे. 'माना ड्रेन' हे निळं पान समोरच्याचा मंत्र हाणून पाडतं आणि त्या मंत्राच्या किमतीइतका माना पुढच्या खेळीत तुमच्या गळ्यात घालतं. तो खर्चता आला नाही तर पूर्वी भाजायचं. बर्न गेला आणि या पानाचा चटका गेला, राहिला नुसता फायदा. जुनं पान जुन्या वजनानं खेळायचं तर चटका हवाच.

दुसरीकडे, प्राण शून्यावर आले तरी टप्पा संपेपर्यंत माणूस मरत नसे, हा 1999 पूर्वीचा नियम त्यांनी उचलला नाही. तेव्हा त्यावर एक कावा चालायचा: स्वतःला मुद्दाम शून्यावर आणायचं, मरायच्या आत 'मिरर युनिव्हर्स'नं दोघांच्या प्राणांची अदलाबदल करायची, आणि मग मरतो समोरचा. स्वीडिश नियमांत हा कावा चालत नाही. आणि पैज तर बहुतेकांनी गाडूनच टाकली. 1993 च्या नियमपुस्तकात डावाआधी दोघांनी आपापल्या डेकमधलं एक पान न बघता बाजूला काढायचं, आणि जिंकणाऱ्यानं ती दोन्ही घरी न्यायची, असं लिहिलं होतं. पानं हातोहात फिरत राहावीत, ही गारफिल्डची इच्छा. आज पैजेत समोरच्याचं ब्लॅक लोटस निघालं तर डावाऐवजी वकील बोलवावे लागतील.

मेंढीकोट खेळताना नागपूरच्या पाहुण्यानं 'आमच्याकडे असं नसतं' म्हणावं, तसं इथे सतत चालतं. स्वीडनचे नियम वेगळे, अमेरिकेतल्या गटांचे वेगळे. नंतरच्या पुनर्मुद्रणातलं तेच पान चालेल का, नोव्हेंबर 1994 चा 'फॉलन एम्पायर्स' संच धरायचा का, कुठल्या पानांवर डेकमध्ये एकाचीच मर्यादा घालायची, यावर गटागटांत वाद. वरून हुकूम देणारं कुणी नाही. कंपनीला यातून विकण्यासारखं फारसं काही नसल्यामुळे ती बराच काळ वाटेला गेली नाही, आणि ते एका अर्थी बरंच झालं.

आता पैशांचं. 1995 मध्ये 'क्रॉनिकल्स' नावाचा पुनर्मुद्रणांचा संच आला आणि दुर्मिळ पानं बाळगून बसलेले संग्राहक खवळले. त्यांना शांत करायला 1996 मध्ये कंपनीनं 'रिझर्व्हड लिस्ट' जाहीर केली: ही पानं पुन्हा छापणार नाही. शब्द अजून पाळला जातो आहे. पॉवर नाइन त्या यादीत. अल्फाची ब्लॅक लोटस छापलीच गेली जेमतेम 1,100 च्या आसपास. त्यांतली एक, चित्रकार ख्रिस्तोफर रश याच्या सहीसकट, 2021 च्या लिलावात 5,11,100 डॉलरना गेली. म्हणजे कंपनीच्या दट्ट्यातून सुटून मुक्तपणे खेळायला जावं, तर दाराशी संग्राहकांचा नाका. यावर तोडगा 'प्रॉक्सी'. मूळ पानाच्या जागी छापील कपटा पानाच्या प्लास्टिक स्लीव्हमध्ये सरकवायचा. अनेक गट तो आनंदानं चालवून घेतात, काहींना तो अजिबात खपत नाही. मी निःसंकोच प्रॉक्सीच्या बाजूचा. मात्र खरं म्हणून खोटं पान विकणं ही निराळी गोष्ट, तिला माफी नाही. कंपनीनं 2022 मध्ये येऊ घातलेल्या तिसाव्या वाढदिवसाच्या निमित्तानं चार पाकिटं 999 डॉलरना काढली. पानं जुन्या रूपाची, पण पाठ वेगळी आणि अधिकृत स्पर्धेत चालणारी नाहीत. थोडक्यात, कंपनीनंच महागडे प्रॉक्सी विकले. खेळाडूंनी त्यावर जी शेरेबाजी केली ती पुरवणीत छापण्यासारखी नाही.

ज्यांना 1994 परवडत नाही किंवा फार रांगडा वाटतो, त्यांच्यासाठी 'प्रीमॉडर्न' आहे. हाही स्वीडनचाच, मार्टिन बर्लिन याचा. 1995 च्या 'फोर्थ एडिशन'पासून 2003 च्या 'स्कर्ज'पर्यंतचे संच. त्याच वर्षी पानाची जुनी चौकट बदलली, म्हणून रेघ तिथे.

या फॉर्मॅटमधला एक डेक मुद्दाम सांगायला हवा. 'फिरेक्सियन ड्रेडनॉट' हे 1996 चं यंत्र. किंमत एक माना, ताकद बारा. पण खाली उतरलं की बारा ताकदीचे इतर प्राणी बळी द्या, नाहीतर तेच जातं. 2003 चं 'स्टिफल' हे पान अशी आपोआप सुरू होणारी अट दाबून टाकतं. दोन्ही एकत्र आली की दुसऱ्या खेळीला बाराचा राक्षस उभा, आणि दोन फटक्यांत खेळ खलास. प्रीमॉडर्नमध्ये या जोडीला 'स्टिफलनॉट' म्हणतात. गोम अशी, की 2003 साली ही युक्ती चालतच नव्हती. ड्रेडनॉटच्या शब्दांवर तेव्हा कंपनीची दुरुस्ती लागू होती, बळी खाली उतरण्याआधीच द्यावे लागत. ती दुरुस्ती 2007 मध्ये उठली. म्हणजे 1995 ते 2003 चा म्हणून आज जो डाव खेळला जातो, त्यातला एक नामांकित डेक त्या काळात अस्तित्वातच येऊ शकला नसता.

याला फसवणूक म्हणणारे आहेत. मला ती तशी वाटत नाही. पानं जुनी असली तरी डोकी आजची आहेत. जमीन किती ठेवायची, स्वस्त पानं किती, हे 1994 मध्ये कुणाला धड कळत नव्हतं. आजचा खेळाडू त्याच पानांतून साठ निवडून तेव्हाच्या विश्वविजेत्याला रडवेल.

'यू-गी-ओ' या जपानी पत्त्यांच्या खेळातही हेच घडलं. तिथे 2005 च्या उन्हाळ्यातल्या पानांचा 'गोट' फॉर्मॅट आहे, 'स्केपगोट' या पानावरून नाव पडलेला. 2010 चा 'एडिसन' न्यू जर्सीतल्या एडिसन गावी भरलेल्या स्पर्धेवरून ओळखला जातो. फरक एवढाच, की तिथली कोनामी कंपनी 'टाइम विझार्ड' या नावानं स्वतःच जुन्या काळाचे सामने भरवू लागली आहे.

घरबसल्या चव घ्यायची असेल तर प्रीमॉडर्नचा गॉब्लिन डेक घ्यावा. 'गॉब्लिन लॅकी' पहिल्या खेळीला, तो लागला की हातातला एखादा महागडा गॉब्लिन फुकटात खाली, 'रिंगलीडर' आला की वरच्या चार पानांतले सगळे गॉब्लिन हातात. पाच मिनिटांत समजतो. दोन डेक छापून, कापून, कुठल्याही जुन्या पत्त्यांच्या पाठीशी स्लीव्हमध्ये घातले की झालं. फक्त स्लीव्ह अपारदर्शक घ्या, नाहीतर पिसताना पाठीवरून पान ओळखू येतं.