ओट्याखालची ऊब

आमच्या कोल्हापुरास थंडी पडते ती मार्गशीर्षापासून माघापर्यंत, आणि तीहि मुख्यत्वें पहांटे. पंचगंगेवर धुकें दिसलें कीं आम्ही कानटोप्या काढतों आणि दहा वाजतां त्या पुन्हां खुंटीस टांगतों. परंतु शहाबादी फरशीवर अनवाणी उभें राहून, पहांटे साडेपांचास गार पाण्यांत भांडीं विसळणाऱ्या स्त्रीस ही थंडी लहान वाटत नाहीं. आमच्या थोरल्या वहिनींचें वय अठ्ठ्याहत्तर. बोटांचीं पेरें संधिवातानें सुजलेलीं. पूजेचीं आणि स्वतःच्या फराळाचीं भांडीं त्या स्वतःच घांसतात. सुनांनींहि त्यांत हात घालूं नये असा त्यांचा आग्रह. गेल्या पौषांत त्यांच्या हातून तांब्याचा गडवा निसटून पायावर पडला, तेव्हां घरांत या विषयाचा विचार सुरू झाला.

त्यांचे चिरंजीव इंग्लंडांत असतात. त्यांनीं तेथून सुचविलें कीं, ओट्याखालीं बसविण्याचा विजेचा शेगडा घ्यावा. तिकडे स्वयंपाकघरांतील कपाटें जमिनीवर टेंकलेलीं नसतात. खालीं सुमारें चार इंचांची खांच असते, म्हणजे उभें राहिलें असतां पायांचीं बोटें आंत जातात. त्या खांचेंत एक चपटी पेटी बसवितात. आंत तापणारी तार व लहानसा पंखा. बटण दाबलें कीं पायांशीं गरम वारा येतो. भिंत अडत नाहीं, जागा अडत नाहीं. युक्ति नामी आहे यांत संशय नाहीं, आणि ऊन हवा वर चढते हें जाणूनच ती जमिनीलगत बसविली आहे.

तथापि जी वस्तु एका देशीं शहाणपणाची ती दुसऱ्या देशींहि तशीच असेल असें नाहीं. इंग्लंडांत बहुतेक घरीं नळांतून गॅस येतो. तो मुख्यत्वें मिथेन, हवेहून हलका. गळला तर छताकडे जातो. आमच्या घरीं गॅस येतो सिलिंडरांतून, आणि तो हवेच्या दीड ते दोन पट जड. गळला तर पाण्याप्रमाणें फरशीवर पसरतो आणि ओट्याखालच्या खांचेंत जाऊन बसतो. म्हणजे जेथें हा गॅस सांचावयाचा नेमकी तेथेंच तापलेली तार ठेवावयाची! हा विचार मनांत येतांच आम्हीं चिरंजीवांस नकार कळविला. शिवाय असल्या पेटीस साधारण दोन हजार वॉट लागतात. तासाभरास दोन युनिटें जळणार, आणि आमच्या स्वयंपाकघरांतील धुराड्याची खिडकी तर कधीं मिटत नाहीं. ऊब सगळी मंगळवार पेठेस वांटली गेली असती.

या चर्चेंत ज्यांच्यासाठीं ती चालली होती त्यांस कोणी विचारलें नव्हतें. एके दिवशीं वहिनीच म्हणाल्या, "भाऊजी, माझ्या पायांना कांहीं होत नाहीं. मला वारा नको, हाताला कोमट पाणी द्या."

पूर्वीं हा प्रश्न नव्हता. मागील दारीं तांब्याचा बंब असे, त्यांत करवंट्या व उंसाचीं चिपाडें घातलीं कीं घरभर पुरेल इतकें पाणी तापे. बंब आतां माळ्यावर आहे. आम्हीं ओट्याखालीं, मोरीच्या नळाजवळ बसेल असा पाणी तापविण्याचा विजेचा बंब घेण्याचें ठरविलें.

असे बंब दोन जातींचे. एक पाणी वाहतां वाहतां तापविणारा, तीन हजार वॉटांचा. गणित केलें असतां मिनिटास दोन लिटर पाणी त्यानें सुमारें एकवीस अंशांनीं तापतें. पण तो तेरा अँपिअर वीज ओढतो, आणि आमच्या वाड्यांतील जुन्या तारांस तें झेपलें नसतें. दुसरा साठवणीचा. सहा लिटरांचा, दोन हजार वॉटांचा बंब वीस अंशांचें पाणी साठ अंशांवर नेण्यास साडेआठ मिनिटें घेतो, आणि पाव युनिटाहून थोडी अधिक वीज खातो. त्यांत तितकेंच गार पाणी मिसळलें म्हणजे चाळीस अंशांचें बारा लिटर पाणी मिळतें. वहिनींच्या भांड्यांस तें पुष्कळ झालें. त्यावरील तारका पाहाव्या; तापलेलें पाणी नुसतें ठेविलें असतां उष्णता किती कमी वायां जाते हें त्या सांगतात.

येथें आम्ही फसलों तेंहि सांगितलें पाहिजे. एका दुकानदारानें आम्हांस भिंतीवर टांगण्याचा साधा बंब दिला, आणि "उलटा बसविला कीं झालें" म्हणाला. तो उलटा बसला आणि नळास गारच पाणी येऊं लागलें. कारण उघड आहे. ऊन पाणी वर राहतें म्हणून बाहेर नेणारी नळी आंत वरपर्यंत गेलेली असते; बंब उलटा केला कीं तीच नळी तळाचें गार पाणी उचलते, आणि वर हवा कोंडून तापणारी कांडी उघडी पडण्याचें भय राहतें. ओट्याखालचा बंब निराळा मिळतो. त्याच्या नळ्या माथ्यावर असतात. तोच मागावा.

तो बसवितांना वायरमननें भिंतींतील जुनें सॉकेट उघडलें. तिसरें भोंक होतें, पण त्यामागें तारच नव्हती! चाळीस वर्षें त्या भोंकाकडे पाहून आम्ही निश्चिंत होतों. ओल्या हातांच्या माणसासाठीं पाण्यांत वीज सोडावयाची आणि अर्थिंग नाहीं, ही कल्पना आजहि अंगावर कांटा आणते. मग जमिनींत नवें अर्थिंग केलें, जाड तार ओढली, सोळा अँपिअरचें सॉकेट ओट्याच्या वर बसविलें, आणि तीस मिलिअँपिअर गळती होतांच वीज तोडणारा स्विच घातला. या कामास बंबाहून अधिक खर्च आला. तो आम्हांस मुळींच जड वाटला नाहीं. सिलिंडरहि ओट्याखालून काढून मागील सोप्यांत नेला, कारण बंबाच्या आंतहि उष्णता पाहून वीज जोडणारें-तोडणारें बटण असतेंच.

पौष पुन्हां आला. पहांटे धाकटी सून मागील दार उघडते, गॅसचा वास नाहीं असें पाहते, मग बटण दाबते. फराळाचीं भांडीं वहिनी कोमट पाण्यानें घांसतात. पूजेचीं मात्र अजून गार पाण्यानेंच, कारण यंत्रांतलें पाणी त्यांच्या सोंवळ्यांत बसत नाहीं. त्यावर आम्ही वाद घातला नाहीं. पूजेचें ताम्हन पालथें घातलें कीं त्या पुन्हां नळाशीं येतात आणि दोन्ही हात कोमट धारेखालीं धरून उभ्या राहतात. त्या वेळीं त्यांच्याशीं कोणी बोलत नाहीं.