पाय दाबला, गाडी अडखळली

घाटात मालट्रकच्या मागे रांगत असताना पुढचा रस्ता मोकळा दिसतो. आपण गिअर खाली घेतो, एक्सलेटर तळापर्यंत दाबतो आणि नेमक्या त्याच क्षणी जुनी गाडी दम खाते. अर्धा सेकंद, फार तर एक. मग दोन गचके देते आणि उठते. तोवर समोरच्या वळणावर एस.टी. दिसायला लागलेली असते आणि मागच्या सीटवरच्या गप्पा बंद पडलेल्या असतात.

एरवी या गाडीची काही तक्रार नसते. सकाळी चोक ओढला की चालू होते, पन्नासच्या वेगाला गुणगुणत जाते. म्हणूनच हे दुखणं अंगावर काढलं जातं. ‘आता वय झालं तिचं’ म्हणून मालक सोडून देतो. पण वयाचा इथे संबंध थोडा. बहुतेक वेळा दोष एखाद्या रबरी पडद्यात, एखाद्या तारेत किंवा कचरा अडकलेल्या बारीक भोकात असतो.

आपल्याकडे जुनी गाडी म्हटलं की आधी आठवते ती कुर्ल्याची पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची ही गाडी, इंजिन १०८९ सीसीचं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर, ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस, काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. तिच्याबरोबर नुसत्या आवाजावरून रोग ओळखणारे उस्तादही पांगले. खासगी पद्मिनी मात्र अजून पुष्कळ आहेत, तेव्हा मालकाला थोडं शहाणं व्हावंच लागतं.

पाय दाबला की कार्ब्युरेटरच्या गळ्यातली झडप एकदम उघडते. हवा हलकी, ती लगेच आत धावते. पेट्रोल जड, ते मागे रेंगाळतं, शिवाय काही भाग नळीच्या भिंतींना चिकटून बसतो. त्या क्षणापुरतं मिश्रण पातळ होतं, हवा फार आणि पेट्रोल कमी. ही उणीव भरायला कार्ब्युरेटरला एक छोटा पंप जोडलेला असतो. पाय दाबताच तो पेट्रोलची एक बारीक पिचकारी मारतो. त्याचा पडदा फाटला किंवा तोंड तुंबलं की पिचकारी येत नाही आणि गाडी अडखळते. तपासणं सोपं आहे. इंजिन बंद ठेवून एअर फिल्टर काढा, बॅटरीच्या उजेडात गळ्यात बघा आणि हाताने एक्सलेटरची दांडी ओढा. धार ताबडतोब दिसली पाहिजे. (सिगरेट ओढणाऱ्या मित्राला तेवढा वेळ लांब उभं करावं.)

मी आयुष्यभर बँकेत होतो. संध्याकाळी टॅली लागली नाही तर पहिली गोष्ट म्हणजे सगळी व्हाउचरं उपसत बसायचं नाही, आधी फरकाचा आकडा बघायचा. त्याला नऊने भाग गेला तर कुठेतरी अंकांची अदलाबदल झाली असावी, म्हणजे ७२ चे २७. फरकच सांगतो कुठे शोधायचं. गाडीचंही तसंच आहे. ती अडखळते हे आपण सांगतो, पण कधी अडखळते हे सांगत नाही. पाय टेकवताक्षणी असेल तर पिचकारीकडे बघावं. आधी नीट ओढते आणि चढावर पाच-दहा सेकंदांनी मरगळते, तर पेट्रोल पुरत नाही, म्हणजे फिल्टर, पेट्रोल पंप किंवा जेट. गचके खात फटफट करत असेल तर ठिणगीवर संशय घ्यावा. जोर लावताना सिलिंडरमधला दाब वाढतो आणि त्या दाबात ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं. झिजलेला प्लग, थकलेली कॉइल, मेलेला कंडेन्सर सपाट रस्त्यावर निभावून नेतात, चढावर उघडे पडतात. आणखी एक युक्ती म्हणजे मोकळ्या रस्त्यावर चोक थोडा ओढून बघायचा. अडखळणं कमी झालं तर पेट्रोल कमी पडतंय. काहीच फरक नाही किंवा गाडी बिघडली, तर कार्ब्युरेटरला हात लावायची घाई नको.

पण घाई होते. पुण्यातल्या माझ्या एका सहकाऱ्याकडे मॉरिस मायनर आहे. तिच्या एसयू कार्ब्युरेटरला पिचकारीचा पंप नसतोच. तिथे एक पिस्टन वर-खाली होतो आणि त्याच्या डोक्यावरच्या नळीतलं चमचाभर तेल त्याला एकदम उडू देत नाही, त्यामुळे पेट्रोल जास्त ओढलं जातं. ते तेल आटलं तरी गाडी अडखळते. एका गॅरेजने तेल भरलं, आणि त्याच दिवशी प्लग, पॉइंट, कार्ब्युरेटरचं किट असं सगळंच बदललं. बिल मोठं झालं आणि महिन्याभरात दुखणं परत आलं. एकाच वेळी पाच गोष्टी बदलल्यावर कशाने फरक पडला हे कोणाला कळणार?

शेवटी एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे नेली. त्याने डिस्ट्रिब्युटरचं (ते लोक त्याला डेल्को म्हणतात) झाकण काढलं, व्हॅक्यूमची नळी तोंडात धरून श्वास ओढला आणि पॉइंटची पाटी सरकताना बघत राहिला. मग पॉइंटला जाणारी छोटी तार दोन बोटांत वाकवली. “साहेब, पेट्रोल नहीं, करंट का लफडा है.” तार वरून धडधाकट, आवरणाच्या आत तुटलेली. पाय दाबला की व्हॅक्यूम पडतो, पाटी सरकते, तार ताणली जाते आणि ठिणगी जाते. गाडी उभी असताना पाटी जागेवर असते, म्हणून कितीही तपासा, सगळं ठीकच दिसणार.

अलीकडे यात एक नवीन भानगड आली आहे. २०२५ मध्ये आपलं पेट्रोल वीस टक्के इथेनॉलपर्यंत पोचलं. आपल्याच कोल्हापूर-सांगलीकडच्या उसाचं इथेनॉल त्यात असतं, याचा शेतकऱ्याच्या नातवाला आनंदच आहे. पण इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने जुन्या जेटवर मिश्रण आणखी पातळ पडतं, टाकीतला जुना चिकटा सुटून फिल्टरमध्ये येतो, आणि जुन्या जातीचं रबर फुगतं किंवा तडकतं. पिचकारीचा पडदा गेला तर गाडी फक्त अडखळेल. पेट्रोलचा पाइप तडकला तर तापलेल्या इंजिनावर थेंब पडू लागतील, म्हणून पाइप आधी बदला. दुकानात पडदा घेताना इथेनॉलला टिकणारं रबर आहे ना, हे विचारा. दोन घ्या, एक डिकीत राहू द्या.