जेट स्की रात्री कुठे ठेवावी?

देवबागला संगमाजवळ दिवसभर पर्यटकांना फिरवणाऱ्या जेट स्की संध्याकाळी खाडीच्या बाजूने वर काढतात. किनारा जवळ आला की कमरेएवढ्या पाण्यातच इंजिन बंद होतं आणि पोरं पाण्यात उतरून ती हाताने ओढत आणतात. जेट स्कीला बाहेर पंखा नसतो. तळाच्या जाळीतून ओढलेलं पाणी मागच्या तोटीतून जोराने फेकून ती पळते. उथळ पाण्यात त्याच जाळीतून वाळू आत जाते आणि इम्पेलर व त्याभोवतीचं कडं खरवडून निघतं. त्यामुळे जागा निवडताना मी आधी ऐन सुकतीला जाऊन बघतो, तिथे पाणी किती उरतं आणि तळाशी काय आहे.

धक्क्याला बांधून ठेवणं स्वस्त, पण मला ते पटत नाही. उधाणाला मालवणात पाणी दोन मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. दोर आखूड ठेवला तर सुकतीला गाडी लटकते, लांब सोडला तर रात्रभर धक्क्यावर आपटते. खारं पाणी पंपाच्या धातूला खातं आणि काही दिवसांतच तोटीत, जाळीत कवचं धरतात.

तरंगता धक्का यापेक्षा कितीतरी चांगला. पोकळ प्लास्टिकचे ठोकळे एकमेकांत अडकवलेले, मध्ये खाच. हलका थ्रॉटल दिला की गाडी वर चढते आणि तिचा तळ कोरडा राहतो. खांबांना कड्यांनी अडकवला तर तो भरती-ओहोटीबरोबर आपोआप वरखाली होतो. खाडीच्या शांत पाण्यात तो शोभतो. समुद्राच्या बाजूला लाटा त्याचे सांधे खिळखिळे करतात.

तरीही कोकणात पहिला खर्च ट्रॉलीवर करावा, रुंद टायरच्या, म्हणजे ती वाळूत रुतत नाही. साडेतीनशे किलोंच्या आसपासचं हे धूड कधीतरी जमिनीवर आणावंच लागतं. दरवर्षी साधारण 26 मे ते 31 ऑगस्ट जलक्रीडा बंद असतात आणि त्या दिवसांत खाडीतला धक्काही भरवशाचा नसतो.

वर आणल्यावर गोड्या पाण्याने धुणं आलंच. समुद्राचंच पाणी घेऊन थंड होणाऱ्या इंजिनात क्रम चुकवून चालत नाही. नळी लावणाऱ्या पोराने मला तो एका दमात सांगितला: "आधी इंजिन, मगे पाणी. बंद करताना आधी पाणी, मगे इंजिन." इंजिन बंद असताना नळ सोडला, तर पाणी बाहेर ढकलायला धुराचा दाब नसतो, ते एक्झॉस्टमध्ये साचून थेट सिलिंडरपर्यंत पोहोचू शकतं. एवढ्याशा घाईने इंजिन जातं.

पावसाळ्यासाठी बॅटरी काढून घरात ठेवावी आणि महिन्याला चार्ज करावी. सिलिंडरमध्ये गंजरोधक तेल फवारावं. ट्रॉलीचं तोंड किंचित उंच ठेवून मागची बुचं काढावीत, म्हणजे आतलं पाणी निथळतं. छपराखाली ठेवून सीट थोडी उचललेली बरी. प्लास्टिक घट्ट गुंडाळलं तर कोकणातली दमट हवा आत कोंडते आणि वायरींची टोकं हिरवी पडतात. उंदरांचाही त्या वायरींवर डोळा असतो, म्हणून दर आठवड्याला सीट उघडून आत पाहावं.

काढलेली बुचं मात्र किल्लीलाच बांधून ठेवावीत. ती न लावता पाण्यात उतरवलेली जेट स्की मागून भरू लागते.