आंबवलेला चहा : साखरेचे काय होते आणि शरीराचे काय होते?



पुण्या-मुंबईच्या दुकानांतून सध्या ‘कोम्बुचा’ नावाचे पेय बाटलीतून विकले जाते. शहरात शिकणाऱ्या मुलांकडून त्याचे नाव आपल्याही घरात पोचते. त्यामागोमाग ‘शुगर उतरते, सांधे मोकळे होतात, कॅन्सरसुद्धा बरा होतो’ असा मजकूर मोबाईलवर येऊन पडतो. हे पेय म्हणजे साखर घातलेला चहा आंबवून केलेली वस्तू. साखर हा आपला विषय, तेव्हा त्यात खरे किती आणि खोटे किती हे आपण समजून घेतलेले बरे.

मूळ कुठले?

हे पेय ईशान्य चीनमधील मांचुरिया भागातून रशियात आले, असे मानतात. चीनच्या सम्राटाचे अमृत, जपानच्या राजाला बरे करणारा कोरियन वैद्य कोम्बु, अशा कथा छापल्या जातात. पण त्यांना जुना लेखी आधार सापडत नाही. रशियात घरोघरी बरणीत हा चहा लागत असे. तिथे त्याला ‘चहाची अळंबी’ म्हणत. १९१३ साली गुस्ताव लिंडाऊ या जर्मन शास्त्रज्ञाने त्यावर तैरणाऱ्या थराला शास्त्रीय नाव दिले. १९७५ च्या सुमारास जपानमध्ये याची लाट आली आणि ओसरलीही. गंमत अशी की, जपानमध्ये ‘कोम्बुचा’ मागितला तर समुद्री वनस्पतीचा खारट काढा पुढे येतो. नावाचा हा घोटाळा कुणी केला, देव जाणे!

बरणीत काय घडते?

वर तरंगणारी जाड साय ही अळंबी नाही. यीस्ट आणि जिवाणू यांची ती एकत्र वसाहत आहे. १८८६ साली ए. जे. ब्राऊन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने शिरक्यातील जिवाणू अशी साय तयार करतो हे दाखवले. कापसाचा धागा ज्या सेल्युलोजचा, त्याचीच ही साय.

तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला की साखर फुटते आणि उतारा घटतो, हे आपल्याला ठाऊक आहे. बरणीतही पहिली पायरी तीच. यीस्ट साखर फोडून तिचे ग्लुकोज व फ्रुक्टोज करते. मग आसवनीत मळीचे होते तसे त्यातून थोडे अल्कोहोल तयार होते. आसवनी इथेच थांबते. बरणीला मात्र हवा मिळत असल्याने जिवाणू त्या अल्कोहोलचे शिरक्याचे आम्ल बनवतात आणि ग्लुकोजचे ग्लुकॉनिक आम्ल. म्हणून चव आंबट-गोड लागते. सगळी साखर मात्र संपत नाही. आठवड्याने उतरवलेल्या पेयात तिचा बराच भाग शिल्लक असतो.

औषध आहे का?

२००३ साली डॉ. एडझार्ड अर्न्स्ट यांनी उपलब्ध पुरावा तपासला. फायदा सिद्ध झालेला नाही, धोक्याची उदाहरणे मात्र आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. २०२३ साली अमेरिकेत मधुमेहाच्या १२ रुग्णांवर ४ आठवड्यांचा प्रयोग झाला आणि उपाशीपोटीची साखर उतरलेली दिसली. बातमी चांगली, पण १२ माणसांवरून औषध ठरत नाही. एका सरीचा ऊस जोमदार आला म्हणून कुणी सगळ्या गटाची शिफारस बदलतो का? तेव्हा याच्या भरवशावर डॉक्टरांची गोळी बंद करू नये.

धोक्याचेही ऐका. १९९५ साली अमेरिकेतील आयोवा राज्यात हे पेय रोज घेणाऱ्या दोन स्त्रियांच्या रक्तात आम्ल बेसुमार वाढले, त्यातली एक दगावली. पेयानेच झाले असे सिद्ध झाले नाही, पण तिथल्या आरोग्य खात्याने सावध केले. १९९८ साली ऑस्ट्रेलियातील डॉक्टरांनी एका जोडप्याची हकीकत प्रसिद्ध केली. चिनी मातीच्या भांड्यात चहा आंबवून प्याल्याने त्यांना शिशाची विषबाधा झाली होती. आपल्याकडे ताक पितळेत कळकते, त्यातलाच हा प्रकार. आम्लाने झिलईतले शिसे उतरले.

करायचेच असेल तर

१) बरणी काचेचीच. तांबे, पितळ, ॲल्युमिनियम, चिनी माती नको. बरणी व हात स्वच्छ धुवावेत.

२) १ लिटर पाणी उकळून त्यात ७० ते १०० ग्रॅम साखर व दोन चमचे चहा पावडर घालावी. दूध नको. दहा मिनिटांनी गाळून पूर्ण थंड करावे. गरम दुधात विरजण टाकले तर काय होते, हे घरच्या बाईला विचारा.

३) थंड चहात आधीच्या घाण्याचे सुमारे १०० मिलिलिटर आंबट पेय व साय घालावी. झाकण न लावता घट्ट विणीचे स्वच्छ फडके बांधावे. हवा हवी, चिलटे नकोत.

४) सावलीत ७ ते १० दिवस ठेवावे. उन्हाळ्यात लवकर आंबते. माती परीक्षणात आपण ज्याला सामू म्हणतो, तो कागदी पट्टीने तपासावा. आठवड्यात ४.२ च्या खाली आला नाही तर ओतून द्यावे. २.५ च्या खाली गेले तर पिऊ नये.

५) हिरवी, काळी किंवा लवदार बुरशी दिसली की सायीसकट सगळे फेकावे. वरवर काढून भागत नाही.

६) तयार पेय फ्रिजमध्ये ठेवावे. बाहेर घट्ट बुचाची बाटली वायूने फुटते.

निरोगी माणसाने दिवसाला अर्ध्या कपावर जाऊ नये. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या माता, लहान मुले, मूत्रपिंडाचे वा यकृताचे रुग्ण, प्रतिकारशक्ती कमी झालेले रुग्ण यांनी घेऊच नये. मधुमेहींनी आधी डॉक्टरांना विचारावे. माळकरी सभासदांनी आणि दारू सोडलेल्यांनी हेही ध्यानात घ्यावे की, घरी केलेल्या पेयात अर्ध्या टक्क्याहून जास्त अल्कोहोल राहू शकते.

आपल्या घरात ताक आहे, आंबील आहे. त्यांना आपण कधी कॅन्सरवरचे औषध म्हटले नाही, तरी आवडीने पितो. या पाहुण्यालाही तेवढाच मान द्यावा. चव म्हणून घोटभर घ्या. दुखण्याला मात्र दवाखानाच बरा.