फौज उसनी, किंमत वसईची

रशियाने 2022 मध्ये युक्रेनवर हल्ला केला आणि फिनलंडमधलं लोकमत काही आठवड्यांत पालटलं. तोवर नाटो नको म्हणणारा देश 4 एप्रिल 2023 ला नाटोत दाखल झाला. छोट्याने मोठ्याच्या फौजेच्या भरवशावर राहावं का, यावर तिथे घरोघरी चर्चा झाली. वसईला हा प्रश्न जवळपास पाचशे वर्षं ओळखीचा आहे. शाळेत 'वसईचा तह' एका सनावळीपुरता भेटतो, पण त्याच्या आगेमागे अशा सौद्यांची अख्खी माळ आहे आणि त्यातल्या बहुतेक सौद्यांत वसईचं नाव कुठे ना कुठे येतंच.

सुलतानाची शेवटची भेट

गुजरातचा सुलतान बहादूरशाह हुमायूनच्या धास्तीत होता. 23 डिसेंबर 1534 ला त्याने पोर्तुगिजांशी तह केला आणि वसई, तिच्या ताब्यातला मुलूख आणि मुंबईची बेटं त्यांना देऊन टाकली. पुढच्या वर्षी हुमायूनने खरोखरच गुजरात घेतलं, तेव्हा मदतीच्या आशेवर सुलतानाने दीवला किल्ला बांधायचीही परवानगी दिली. फेब्रुवारी 1537 मध्ये तो पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्याला भेटायला दीवजवळ त्याच्या जहाजावर गेला. परतताना झटापट झाली आणि सुलतान समुद्रातच संपला. वसई मात्र पुढची दोनशे वर्षं पोर्तुगिजांकडे राहिली.

हुंड्यातलं गुपचूप कलम

मुंबई पोर्तुगीज राजकन्या कॅथरीनच्या हुंड्यात इंग्रजांकडे गेली, हे सगळ्यांना पाठ असतं. पण 1661 च्या त्या विवाहकराराला एक गुप्त कलम जोडलेलं होतं: पूर्वेकडच्या पोर्तुगीज ठाण्यांचं डचांपासून इंग्लंडने रक्षण करायचं. म्हणजे मुंबई ही लष्करी मैत्रीची किंमत होती. पोर्तुगाल तेव्हा लहान आणि स्पेनशी झुंजून थकलेला. लिस्बनला सौदा पटला, पण इथल्या माणसांना नाही. गोव्याचा व्हाइसरॉय आंतोनियो द मेलो द कास्त्रो याने मुंबई सोपवायला इतकी टाळाटाळ केली की ताबा मिळायला 1665 उजाडलं. जागेवर राहणाऱ्याला धोका आधी दिसतो तो असा.

मित्राने तारण मागितलं

आणि त्या कलमाचं पुढे काय झालं? 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसईला वेढा घातला. किल्ल्यातले पोर्तुगीज मुंबईच्या इंग्रजांकडे मदत मागत राहिले. थोडी दारू, थोडा गोळा मिळाला. पैसे मागितले तेव्हा 15,000 रुपये कर्जाऊ मिळाले, तेही चर्चमधली चांदीची भांडी आणि काही पितळी तोफा गहाण ठेवून! मे महिन्यात किल्ला पडला. जुलैत इंग्रजांचा कॅप्टन इंचबर्ड चिमाजी अप्पांशी तह करून मोकळाही झाला. वसईच्या चर्चमधल्या घंटा पुढे मराठी मुलखातल्या देवळांत टांगल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा त्यातलीच.

लोकांनी बोलावलेली फौज

या माळेतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मणी हा. पोर्तुगीज अमलाला कंटाळलेल्या साष्टी-वसईतल्या रहिवाशांच्या वतीने मराठ्यांना या मोहिमेत ओढण्यात भिवंडीजवळच्या अंजूरच्या गंगाजी नाईक आणि त्यांच्या भावांचा पुढाकार होता. वाटा त्यांना माहीत, खाड्या त्यांना माहीत, माणसं त्यांची. बाहेरची फौज हवी की नको, यात इथल्या माणसांचा आवाज स्पष्ट ऐकू येतो तो एवढ्याच एका प्रसंगात.

बापाने कबूल केली, लेकाने तिथेच सही केली

6 मार्च 1775, सुरत. पेशवेपदासाठी हातघाईवर आलेल्या राघोबादादांनी इंग्रजांकडून 2,500 सैनिक मागितले आणि मोबदल्यात साष्टी आणि वसई लिहून दिली. चिमाजी अप्पांनी म्हणजे स्वतःच्या सख्ख्या काकांनी जिंकलेली वसई! ती इंग्रजांनी 1780 मध्ये लढून घेतली, पण 1782 च्या सालबाईच्या तहाने ती मराठ्यांकडे परत आली. साष्टी गेली ती गेलीच.

राघोबांचा मुलगा बाजीराव त्याच 1775 सालचा. सत्तावीस वर्षांनी तो त्याच वसईत येऊन त्याच इंग्रजांकडे फौज मागत होता.

दिवाळी हडपसरला, वर्षअखेर वसईत

एप्रिल 1801 मध्ये विठोजी होळकरांना पुण्यात हत्तीच्या पायी दिलं गेलं. पुढच्या वर्षी ऐन दिवाळीत, 25 ऑक्टोबर 1802 ला, त्यांचे भाऊ यशवंतराव यांनी हडपसरजवळ पेशवे आणि शिंदे यांच्या एकत्रित फौजेचा धुव्वा उडवला. बाजीराव सिंहगड, रायगड, महाड करत कोकणात उतरला आणि इंग्रजांच्या जहाजातून डिसेंबरात वसईला पोचला. 31 डिसेंबर 1802 ला तह झाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या वतीने पुण्याचा रेसिडेंट बॅरी क्लोज होता.

अटी वाचल्या की आजही पोटात गोळा येतो. सहा हजार पायदळ आणि तोफखाना कायम पेशव्यांच्या मुलखात राहणार, त्याच्या खर्चासाठी 26 लाख रुपये वसुलाचा मुलूख कंपनीला तोडून द्यायचा. सुरतेवरचा हक्क सोडायचा. इंग्रजांशी वैर असलेल्या देशाचा एकही युरोपियन पदरी ठेवायचा नाही. निजाम आणि गायकवाड यांच्याशी असलेल्या तंट्यात कंपनी निवाडा करणार. कंपनीला विचारल्याशिवाय कुणाशी युद्ध नाही. निजामाने अशीच तैनाती फौज 1798 मध्ये पत्करली होती. नाना फडणवीस हयात असेपर्यंत पुण्याने ती टाळली. नाना 13 मार्च 1800 ला गेले आणि पावणेतीन वर्षांत हा कागद झाला.

कुणाला काय वाटलं

शिंदे आणि नागपूरकर भोसले संतापले. पेशव्याने आपल्याला न विचारता सगळ्यांचा गळा बांधून दिला, ही त्यांची तक्रार रास्त होती. इंग्रज वकील कर्नल कॉलिन्सने दौलतराव शिंद्यांना खुलासा मागितला, तेव्हा आधी भोसल्यांना भेटतो, मग युद्ध की शांतता ते कळवतो, असं उत्तर आलं. भेट झाली, युद्धही झालं. 23 सप्टेंबर 1803 ला असई, नोव्हेंबरात अडगाव, डिसेंबरात गाविलगड. यशवंतराव मात्र त्या वर्षी बाजूला राहिले आणि 1804 मध्ये एकटे लढायला उभे ठाकले. विरोध तिघांचाही होता, पण तिघांची वेळ एक नव्हती. या पराभवांचं सगळ्यात मोठं कारण मला तरी हेच दिसतं.

इंग्रजांतही एकमत नव्हतं. गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्लीला हा तह म्हणजे मोठी कमाई वाटत होती. लंडनला लॉर्ड कॅसलरे याने त्यावर कडक शंका काढल्या. पेशवा म्हणजे नुसतं शून्य, असं खुद्द रिचर्डच्या भावाचं, आर्थर वेलस्लीचं मत होतं.

आणि पुण्याची सामान्य माणसं? त्यांच्याकडे बोट दाखवण्याआधी त्यांनी काय सोसलं ते पाहावं. 1798 मध्ये सर्जेराव घाटग्याने शिंद्यांसाठी सावकारांचा छळ करून पैसा काढला होता. 1802-03 मध्ये होळकरांच्या फौजेने वसुली केली. पाठोपाठ 1803-04 चा दुष्काळ आला. पुणं जाळलं जाणार अशी खबर लागताच आर्थर वेलस्ली घोडदळ घेऊन शेवटचे साठ मैल सुमारे बत्तीस तासांत कापून 20 एप्रिल 1803 ला शहरात शिरला. त्या दिवशी एखाद्या पेठेतल्या दुकानदाराने सुटकेचा निःश्वास टाकला असेल, तर त्याला मी दोष देणार नाही. आपल्याच सरदारांनी नागवलेला माणूस परक्या पहाऱ्याकडे आशेने पाहतो.

बाजीराव 13 मे 1803 ला गादीवर परतला. लोकांनी त्याला दिलेलं 'पळपुटा' हे नाव मात्र आजतागायत सुटलेलं नाही. ना. सं. इनामदारांनी यशवंतरावांवर 'झुंज' लिहिली आणि याच बाजीरावावर 'मंत्रावेगळा'ही. दोन्ही एकापाठोपाठ वाचाव्यात.

गोव्यातही तेच

याच सुमारास पोर्तुगिजांच्या गोव्यातही इंग्रजी पलटणी येऊन बसल्या. फ्रेंचांच्या भीतीचं निमित्त होतं. 1799 मध्ये आलेल्या या पलटणी 1813 पर्यंत हलल्या नाहीत. दोना पावलाची ब्रिटिश दफनभूमी ही त्याच मुक्कामाची खूण.

दगड, मतपेट्या आणि एक नवं नाव

आता मात्र असा सौदा करताना लोक विचारतात, ओरडतात, मतं देतात. आइसलँडकडे स्वतःचं खडं सैन्यच नाही, तरी तो नाटोचा संस्थापक सदस्य. 30 मार्च 1949 ला संसदेने होकार दिला, तेव्हा रेक्याविकमध्ये संसदेवर दगड पडले आणि पोलिसांनी अश्रुधूर सोडला. स्पेन 1982 मध्ये आधी आत गेला आणि 12 मार्च 1986 ला राहायचं की नाही यावर सार्वमत घेतलं. राहा म्हणणारे जिंकले. मॅसेडोनियाने तर ग्रीसचा अडसर दूर करण्यासाठी देशाचं नावच बदलून 'उत्तर मॅसेडोनिया' केलं आणि 2020 मध्ये प्रवेश मिळवला. देशाचं नाव ही किंमत मोठीच, पण ती मोजावी का यावर तिथे रस्त्यावर आणि संसदेत उघड भांडण झालं. वसईत सह्या झाल्या तेव्हा शिंदे-भोसल्यांनासुद्धा कुणी विचारलं नव्हतं. मग पाचूबंदरच्या कोळ्याला किंवा वाडीतल्या बागायतदाराला कोण विचारणार?

बापू गोखल्यांची पंधरा वर्षं

1803 मध्ये वेलस्ली पुण्याकडे निघाला, तेव्हा त्याच्या सोबत दक्षिणेतले मराठे सरदारही चालत होते. पेशव्याला गादीवर बसवायचं, तर इंग्रजांसोबत जाणं ही त्यांच्या दृष्टीने स्वामिनिष्ठाच होती. बापू गोखले त्यांच्यातलेच. 5 नोव्हेंबर 1817 ला खडकीला हेच बापू पेशव्यांचे सेनापती म्हणून त्याच इंग्रजांवर चालून गेले आणि फेब्रुवारी 1818 मध्ये सोलापूरकडच्या आष्टीला लढता लढता पडले. बाजीरावाने जूनमध्ये माल्कमपुढे शरणागती पत्करली. वर्षाला आठ लाखांची पेन्शन घेऊन तो कानपूरजवळ बिठूरला गेला आणि 1851 पर्यंत तिथेच राहिला.