इन्सुलिनची सुई आणि रक्ताची चाचणी

वसईच्या वालीव, सातिवली, गोखिवरे या भागांतील कारखान्यांत वावरताना आम्ही एक गोष्ट वारंवार पाहिली आहे. दाबाचा काटा बिघडला असता बॉयलर पेटवू नये, हे नवख्या कामगारासही कळते. परंतु तोच कामगार मधुमेहासाठी रोज इन्सुलिनची सुई टोचून घेतो आणि वर्ष वर्ष रक्त तपासावयास जात नाही. हे काट्यावाचून बॉयलर चालविणेच होय.

इन्सुलिनचा इतिहासच चाचणीपासून सुरू होतो. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटो येथे लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलास पहिले इंजेक्शन दिले गेले. तो अर्क अशुद्ध होता, गुण बेताचाच आला. २३ जानेवारीस अधिक शुद्ध अर्क दिला, तेव्हा रक्तातील साखर झपाट्याने उतरली. कोणता अर्क खरा, हे डॉक्टरांना सांगितले ते रक्ताच्या व लघवीच्या तपासणीने.

आज तपासण्या मुख्यतः तीन प्रकारच्या आहेत. पहिली ग्लुकोमीटरची. ती त्या क्षणाची साखर सांगते. आकडा ७० च्या खाली गेला की धोक्याची घंटा समजावी.

दुसरी एचबीएवनसी, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘तीन महिन्यांची साखर’. रक्तातील तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळात साखर त्यांना चिकटत जाते. म्हणून आदल्या दिवशी पथ्य पाळून ही चाचणी फसविता येत नाही. बहुतेकांस ७ टक्क्यांच्या आसपासचे लक्ष्य सांगतात; वृद्धांस डॉक्टर थोडी सवलत देतात. औषध बदलले असेल तर दर तीन महिन्यांनी, साखर स्थिर असेल तर सहा महिन्यांनी ती करावी. मात्र पालघर जिल्ह्यातील आदिवासी बांधवांत सिकलसेलचा दोष आढळतो. या आजारात तांबड्या पेशी लवकर मरतात आणि आकडा खोटाच कमी दिसतो. तसे असल्यास डॉक्टरांस आधी सांगावे.

तिसरी तपासणी मूत्रपिंडाची: रक्तातील क्रिएटिनिन व लघवीतील अल्ब्युमिन. ही वर्षातून एकदा तरी हवीच, आणि हीच सर्वांत जास्त चुकते. शरीरातील इन्सुलिनचा निचरा करण्यात मूत्रपिंडांचा मोठा वाटा असतो. ती थकली की इन्सुलिन अंगात रेंगाळते आणि कालपर्यंत योग्य असलेले युनिट आज जास्त ठरते. आमचे एक सहकारी अंधेरीहून रात्रपाळी करून परतताना विरार लोकलमध्ये घामाने भिजून थरथरू लागले. शुद्धीवर होते, म्हणून सोबत्यांनी साखर खाऊ घातली आणि निभावले. त्यांचे युनिट तीन वर्षे तेच होते; मूत्रपिंडे मात्र तीच राहिली नव्हती.

अलीकडे आठवड्यातून एकदा घ्यावयाची सेमाग्लुटाइड, तिर्झेपाटाइड यांसारखी इंजेक्शनेही आली आहेत. त्यांनी उलट्या-जुलाब फार झाले तर अंगातील पाणी कमी होऊन मूत्रपिंडांस इजा पोहोचू शकते. तेव्हा क्रिएटिनिन लगेच पाहावे. साखर वेगाने उतरल्यास डोळ्याच्या पडद्याचा जुना विकारही बळावू शकतो. म्हणून डोळे तपासून घ्यावेत.

“खाडा झाला तर रोज बुडतो,” असे कामगार म्हणतात, आणि ते खोटे नाही. परंतु एचबीएवनसी, क्रिएटिनिन व लघवीतील अल्ब्युमिन यांसाठी उपाशी राहावे लागत नाही. पाळी सुटल्यावर संध्याकाळीही नमुना देता येतो. १९४८ च्या कायद्याने आलेल्या कामगार राज्य विमा योजनेची वर्गणी ज्याच्या पगारातून कापली जाते, त्यास व त्याच्या कुटुंबियांस वैद्यकीय मदतीचा हक्क आहे. ती कोणाची मेहेरबानी नव्हे.

अहवाल एका वहीत तारीखवार लावून ठेवावेत, दर भेटीस डॉक्टरांपुढे ती वही उघडावी, आणि युनिट आपल्या मनाने वाढवू वा घटवू नये. पगाराची पावती आपण ओळ न् ओळ तपासून घेतो. रक्ताचा अहवालही तसाच तपासून घ्यावा. त्यातील चूक पुढच्या महिन्यात भरून मिळत नाही.